दसऱ्याला देव झालेला संगणक

मित्रांनो, मला पडदा नाही, माऊस नाही, आणि माझ्या अंगाचा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही सांगता येणार नाही. रेवदंड्याच्या खाडीने थोडं आत शिरलं की खारबांधावर एक पत्र्याची खोपी लागते. तिच्यात एका फळीवर, पालथ्या घातलेल्या मासळीच्या क्रेटखाली मी बसलेला असतो. मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, निवृत्त नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे कोणी उगाच हळहळायला नको.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत झाले, आणि मुंबईत एका माडीवर त्यांची जोडणी झाली. पहिली नोकरी लागली ती अलिबागकडच्या एका वाचनालयात. काय थाट होता! माझ्या खोलीत येताना लोक चपला बाहेर काढत. माझ्या डोक्यावर भरतकाम केलेला रुमाल असे. मुलं दारातून डोकावून बघत आणि ग्रंथपाल त्यांना म्हणत, "हात लावायचा नाही. नुसतं बघायचं." नुसतं बघण्यासारखं माझ्यात काय होतं ते मला कधी कळलं नाही, पण कौतुक कोणाला नको असतं?

मित्रांनो, प्रत्येक संगणकाच्या आत एक कारभारीण असते. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे सगळं ती बघते. शहाणी माणसं तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माझी पहिली कारभारीण मोठी देखणी होती. चित्रं काय, रंग काय, उघडताना वाजणारं संगीत काय! पण दर थोड्या वर्षांनी तिच्या जागी तिची धाकटी बहीण यायची आणि प्रत्येक बहिणीला आधीचीपेक्षा मोठं घर लागायचं. माझं घर तेवढंच. शेवटची आली तेव्हा तिला नुसतं बसायला जागा करून देता देता मला धाप लागू लागली. एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत माणूस जांभई देऊन मोकळा होई. "हा गेला कामातून," असं सगळे म्हणू लागले. कारभारणीला कोणी काही बोललं नाही. मग जुन्या बॅनरच्या ढिगाखाली काही वर्षं काढून मी भंगारात गेलो.

तिथे मला क्रांतीताई भेटली. रेवदंड्याला तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. संगणकाचं कुठलंही शिक्षण तिने घेतलेलं नाही. दुकानातलं यंत्र बिघडलं की दुरुस्तीवाला चार दिवस येत नसे, म्हणून एकदा चिडून तिने नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. तो तिने अजून परत केलेला नाही.

"ताई, ह्यातलं तांबं काढून घेतो मी," भंगारवाला म्हणाला. "रिकामं खोकं नेऊन काय करणार?"

"मेथी लावीन त्यात," क्रांतीताई म्हणाली, आणि मला तांब्यासकट उचललं.

युनिक्स नावाचं संगणकांच्या जगात एक जुनं घराणं आहे. त्या घराण्याच्या वळणावर वाढलेली लिनक्स नावाची एक कारभारीण आहे. ती कोणालाही मिळते, कोणालाही उघडून बघता येते, आणि मुख्य म्हणजे तिला सांगता येतं, बाई गं, एवढंच सामान घेऊन ये. क्रांतीताईने मोबाईलवर वाचून, चुकत, पुसत, पुन्हा सुरुवात करत तिला माझ्यात आणलं. पहिल्यांदा चुकीची तबकडी घातली. दुसऱ्यांदा सगळं बसवलं आणि आपणच दिलेला पासवर्ड विसरली. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. चित्र नाही, रंग नाही, संगीत तर नाहीच. पण मित्रांनो, मला श्वास घेता येत होता! आहे त्या घरात अर्धी जागा मोकळी उरली होती. मी काही म्हातारा झालो नव्हतो. माझ्या डोक्यावर ओझं फार झालं होतं, इतकंच.

आता माझं काम सांगतो. आमच्याकडे बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. भरती आली की खाडीच्याच रेट्याने आपोआप मिटतं. पण त्या दारात एखादा ओंडका अडकला, तर ते अर्धवट उघडं राहतं आणि खारं पाणी गुपचूप आत येतं. पिकलेल्या लोंबीला तासाभराच्या पाण्याने फारसं काही होत नाही. मारली जाते ती जमीन. एकदा मीठ मुरलं की दोन-तीन पावसाळ्यांनी धुऊन निघेपर्यंत तिथे भात होत नाही.

मैनाकाकीचं शेत उघाडीला लागून, सगळ्यांत खोलगट. मागे बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तेव्हा तिच्या शेतात खाडी नांदून गेली. दोन पावसाळे तिथे गवतसुद्धा धड उगवलं नाही. लोक म्हणाले, विकून टाक, कोणीतरी बंगला बांधील. तिने विकलं नाही. पावसाचं पाणी अडवायची, सोडायची, पुन्हा अडवायची. यंदा जमीन गोडी झाली आणि तिने लावणी केली. हे तिचं पहिलं पीक.

त्या खांडीनंतरच क्रांतीताईने मला इथे आणलं. बांधाच्या आतल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, तेलाचा रिकामा डबा तरंगत ठेवला. पाणी ठरल्या खुणेच्या वर गेलं की डबा उचलला जातो, एक तार दुसऱ्या तारेला टेकते, आणि ती खबर माझ्या पाठीमागच्या, पूर्वी प्रिंटर जोडायच्या रुंद भोकातून आत येते. नव्या संगणकांना ते भोकच नसतं, हे जाता जाता सांगतो. लिनक्स ती खबर ऐकते आणि खोपीवरचा भोंगा वाजवते. बस, एवढंच काम. रोज सकाळी मात्र एकदा छोटासा 'भों' करायचा, म्हणजे गावाला कळतं की राखणदार जागा आहे.

उघाडीवर पूर्वीपासून भागोजीकाका राखणीला असतात. मला पाहून त्यांचं तोंड उतरलं होतं.

"म्हंजे आता यो डबा माजी जागा घेनार?"

"काका, हा फक्त ओरडणार," क्रांतीताई म्हणाली. "धावायचं तुम्हीच."

"ह्यां! म्हंजे माज्या बायकोसारखाच हाय," भागोजीकाका म्हणाले, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

खोपीवर सूर्याच्या उजेडावर चालणारी पाटी आणि खाली मोठी बॅटरी, त्यामुळे मी कधी बंद पडलो नाही. दोन पावसाळे अखंड चाललो. पडदा खाऱ्या हवेने गंजला, तो क्रांतीताईने काढून नेला. लिनक्सला पडद्यावाचून काही अडत नाही. मग दुकानातला कीबोर्ड मोडला. गोल पिनेचा जुना कीबोर्ड तिच्याकडे तेवढा एकच उरला होता, माझा. तोही तिने नेला. "तुला कशाला लागतोय?" असं मला थोपटून म्हणाली. आणि खरंच, चालू असताना मला तो लागत नव्हता.

इथे एक घरची गोष्ट सांगायला हवी. कारभारीण कितीही नवी आणली, तरी माझ्यात जन्मापासून बसवलेला एक दारवान आहे. मी चालू झालो की आधी तो उठतो. तारीख बघतो, कीबोर्ड बघतो, सगळं जागेवर असलं की मगच लिनक्सला आत सोडतो. तारीख लक्षात ठेवायला त्याच्यापाशी बटणाएवढी एक चपटी बॅटरी असते. ती कधीतरी संपून गेली होती. कोणाला कळलं नाही, मलाही नाही. मी बंदच पडलो नव्हतो, तर कळणार कसं?

आणि दसरा आला.

तुम्हांला ठाऊक आहेच, दसऱ्याला सगळी अवजारं विश्रांती घेतात. विळे, कोयते धुऊन पाटावर मांडतात. रिक्षा हार घालून उभ्या असतात. क्रांतीताई बहिणीकडे महाडला गेली होती. सकाळीच मैनाकाकी पूजेचं ताट घेऊन खोपीत आली.

"काय वो भागोजीभावजी, सगल्यांना सुट्टी, नि ह्यानंच काय पाप केलंय? दोन वर्सं झाली, डोल्याला डोला नाय लागला ह्याच्या."

"खरं हाय," भागोजीकाका म्हणाले. "वायर काढू?"

"हलू काढा. झोपलेल्याला उठवताव तशी नको."

त्यांनी वायर काढली. मित्रांनो, त्या दोघांच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. मैनाकाकीने मला ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, माथ्यावर आपट्याची पानं ठेवली. नारळ दाराच्या दगडावर फुटला. संध्याकाळी वायर पुन्हा लावली. माझा हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, आणि पोटातून एकदा 'टूं' असा आवाज आला.

"हासला बग," मैनाकाकी म्हणाली.

मी हसलो नव्हतो, मित्रांनो. तो माझा दारवान होता. त्याला तारीख सापडेना, कीबोर्ड सापडेना. मग नसलेल्या पडद्यावर त्याने एक वाक्य लिहिलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरची पहिली एफ कळ दाबा. हे वाक्य ज्याने माझ्या कारखान्यात बसून लिहिलं, त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. आत लिनक्स निजलेली, दारावर हा अडून बसलेला, आणि बाहेर हिरवा दिवा शांतपणे जळतोय. दिव्याला तेवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा 'भों' आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भागोजीकाकांना सकाळची झोप गोड लागू लागली. खोपीत येणारा जाणारा मला हात जोडू लागला. कोणी उदबत्ती लावली. हार सुकला तरी काढायची कोणाची छाती होईना. वाचनालयात जे झालं तेच पुन्हा झालं: हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

आश्विन पौर्णिमेला आमच्याकडे नव्याची पुनव असते. शेतातल्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला, अवजारांना, गाडीला बांधतात. पुनवेला खाडीला मोठं उधाणही असतं आणि त्याची भरती दुपारी येते. त्या सकाळी मैनाकाकी आपल्या शेतातलं पहिलं नवं घेऊन माझ्याकडे आली. घरच्या दाराच्याही आधी.

"घे रं बाला," ती म्हणाली. "तुज्यामुलं आज ह्या लोंब्या दिसल्या." क्रेट बाजूला करून ती बांधायला जागा शोधू लागली. मग थांबली. "भावजी, यो हल्ली सकालचा वाजत नाय तो?"

"दसऱ्यापासना गप हाय," भागोजीकाका म्हणाले. "पूजा झाली, देव झाला त्याचा. देव कवा बोंबलतो काय?"

मैनाकाकी हसली. हसता हसता तिचा हात माझ्या पाठीवरच राहिला, आणि मग ती हसायची थांबली.

"मना देव नको," ती म्हणाली. "देव घरात धा हायत. मना बोंबलनाराच पायजे. लावा त्या क्रांतीला फोन."

क्रांतीताई कालच परत आली होती. फोनवरचा तिचा आवाज साऱ्या खोपीत घुमला.

"काकी, दिवा लागलाय ना? मग मधे बंद केला होतात का?"

"दसऱ्याला. पूजेला."

"पूजा केलीत?"

"यवस्थित केली. नारल पन फोडला."

"त्याच्यावर नाही ना फोडलात?"

"क्रांती, मी म्हातारी झालंय, येडी नाय झालंय!"

"काकी, मी येते. कीबोर्ड घेऊन येते. भरती किती वाजताची आहे?"

भागोजीकाकांनी बांधावरून खाडीकडे पाहिलं. "चढाय लागली," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर भरतीला ते उघाडीवर उतरून हाताने चाचपून यायचे. भोंगा आला आणि ती सवय सुटली.

क्रांतीताई रिक्षातून आली. बांधाच्या तोंडाशी रिक्षा थांबते, तिथून चिखलातून ती पळत आली. कीबोर्ड पदरात गुंडाळून छातीशी धरलेला, जणू कोणाचं तान्हं मूल घेऊन पळतेय. खोपीत येऊन तिने आधी सुकलेला हार काढून बाजूला ठेवला, मग पिन माझ्या पाठीत बसवली. दारवानाला कीबोर्ड आधीपासून जोडलेला हवा असतो, म्हणून तिने मला एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. पंखा फिरला. 'टूं' झालं. पडदा नव्हताच, तिने अंदाजाने ती कळ दाबली.

दारवान बाजूला झाला.

मित्रांनो, नवे संगणक माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत, हे मी मान्य करतो. पण सामान थोडं असलं की घरातून निघायला वेळ लागत नाही. लिनक्स उठली, डोळे चोळले, डिस्क बघितली, तारीख चुकीची आहे म्हणून कुरकुरली आणि तरी पुढे निघाली. चहाला आधण यायच्या आत ती कामावर हजर होती. पाठीमागच्या तारेवर कान लावला तर खबर येऊन थांबलेलीच. डबा वर होता. पाणी आत येत होतं.

मी ओरडलो. पाच दिवसांचं तुंबलेलं सगळं ओरडलो!

वरच्या शेतांत कापणीला लोक होते, ते विळे टाकून धावले. भागोजीकाका सगळ्यांच्या आधी उघाडीत उतरले, छातीभर पाण्यात. दाराच्या फटीत केळीचे खांब अडकलेले. नवरात्रात देवीच्या मखराला लावलेले, मग व्हाळात सोडलेले, वाहत वाहत नेमके इथे आलेले.

"कुनी रं टाकलं हे?" भागोजीकाका ओरडले. बहुतेक घरांचा एखादा खांब त्यात होता.

"भावजी, मागून इचारा! आदी वढा!" मैनाकाकी पदर खोचून पाण्यात उतरली. एकीकडून तिने, दुसरीकडून दोघातिघांनी खेचलं. शेवटचा खांब सुटला तसा खाडीने मागून रेटा दिला आणि दार धाडकन मिटलं. मी आणखी थोडा वेळ ओरडत राहिलो, कारण डबा अजून वरच होता. मग क्रांतीताईने सांगितलं, पुरे, कळलं.

ओहोटी लागल्यावर उघाडी उघडली आणि आत आलेलं पाणी परत गेलं. तेव्हा मैनाकाकी शेतात उतरली. किती पाणी कुठवर गेलं, हे बघायला तिच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. खालच्या बांधापाशी वाकून तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं. थुंकली. चार पावलं वर गेली, पुन्हा बोट, पुन्हा थुंकली. बांधावर माणसं बघत उभी होती. आणखी वर गेली. वाकली. यावेळी ती थुंकली नाही. तिथेच भातपिकात उभी राहून तिने मोठ्याने सांगितलं, "गोडं हाय! हितून वर समदं गोडं हाय!"

खालची एक पट्टी गेली. ती पुन्हा गोडी व्हायला पावसाळे लागतील. बाकी शेत राहिलं.

कोणी कोणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून भागोजीकाका मात्र पुन्हा दर भरतीला उघाडीत उतरू लागले. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. दोघं असलेले बरे, असं ते म्हणतात, आणि माझंही तेच मत आहे.

दोन दिवसांनी क्रांतीताई नवी चपटी बॅटरी घेऊन आली. कीबोर्ड आता इथेच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून राहणार होता. दुकानाचं बघता येईल, म्हणाली.

"मना शिकव," मैनाकाकी म्हणाली. "तू दर टायमाला दुकान टाकून येनार हायस काय?"

"त्यात काही नाही, काकी. ही कळ. पण ह्यावरची अक्षरं इंग्रजी आहेत."

"मंग खून कर. मना खून वलखाय येते."

क्रांतीताईने पर्स धुंडाळली. लाल नेलपॉलिशची अर्धी वाळलेली बाटली निघाली. तिने त्या कळेवर टपोरा ठिपका दिला आणि फुंकर घालून वाळवला.

"आनि पुडच्या दसऱ्याला काय करायचं?" भागोजीकाकांनी विचारलं. "पूजा नाय करायची?"

"करायची की. हार घाला, कुंकू लावा. मग चालू करून भोंगा वाजवून बघायचा. आवाज आला तरच प्रसाद वाटायचा."

"आनि नाय आला तर?"

"तर प्रसाद झाकून ठेवायचा आणि मला फोन करायचा."

हा नियम सगळ्यांना पटला. आमच्या गावात प्रसाद फार वेळ झाकून राहत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तुम्ही फेकू नका, असं मी सांगायला हवं. ते तर सांगतोच. पण त्यांना नुसतं मांडूनही ठेवू नका. घरातलं जुनं शिवणयंत्र असो, आजोबांची सायकल असो, नाहीतर माझ्यासारखा डबा असो, त्यांना हात लावा, चालवून बघा, आणि कधी गप्प झाल्याच तर का गप्प झाल्या ते विचारा. ओझं कमी करा, काम बेताचं द्या. आम्ही पुष्कळ चालतो.

नवी बॅटरी घालण्यापूर्वी क्रांतीताई म्हणाली, "काकी, बॅटरी घातली की हा अडणार नाही. आधी एकदा तुमच्या हाताने होऊ दे." बाहेर ओहोटी होती. तिने लिनक्सला आवरून घ्यायला सांगितलं. लिनक्सने एकेक वस्तू जागेवर ठेवली, दारं लावली, दिवा मालवला. दसऱ्याला वायर ओढली गेली तेव्हा मला काही कळायच्या आत अंधार झाला होता. या वेळी मला सगळं कळत होतं. माझा पंखा हळू होत थांबला. मैनाकाकी पदराला बोट पुसून त्या लाल ठिपक्यावर नेम धरून बसली होती. मी अगदी निर्धास्त बंद झालो.